पोर्श ९११ करेरा एस घेतोय, कंपनीच्या पॉवरकिटसाठी ११ लाख जास्त मोजावेत का?

विटेकर_गलाई:
नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणारंय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी सल्ला कसा देता येणार. आमचं घराणं गलाईतलं (सोनं-चांदी गाळायचा धंदा), वडील आणि चुलते कोइमतूरला, मी पण तिथंच वाढलो, आता ४ वर्षं झाली विट्याला घर बांधून राहतोय, महिन्यातनं एकदा तिकडं चक्कर असते. लहानपणी कोइमतूरला करी स्पीडवे या रेस ट्रॅकच्या कुंपणाला डोकं लावून उभा राहायचो तेव्हापासनं डोक्यात एकच गाडी आहे, ती म्हणजे ९११. नवीन घेण्याची ऐपत नाही, जुनी घ्यायची ठरलंय आणि ठरलंय ते ९९१ जनरेशनमधलं पहिलं मॉडेल, करेरा एस, ३.८ लिटरचं विनाटर्बो इंजिन, पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

दोन गाड्या समोर आहेत, दोन्ही २०१३ च्या. एक मुंबईत, ३१ हजार किमी, साधी एस, ४०० हॉर्सपॉवर. दुसरी बेंगळुरूला, २४ हजार किमी, तिला कंपनीतनंच आलेली एक्स५१ पॉवरकिट आहे असं मालक सांगतोय, म्हणजे ४३० हॉर्सपॉवर. किंमतीत फरक ११ लाखाचा. आता ११ लाख म्हणजे आमच्याकडं एक चांगली नवीन गाडी येते. पण दुसरं मन म्हणतंय की आयुष्यात एकदाच घेतोय तर अर्धवट कशाला.

वापर सांगतो. रविवारी विटा-कराड-सातारा, कधी कासला, कधी पसरणी घाटानं पाचगणी-महाबळेश्वर, आणि वर्षातनं दोनदा याच गाडीनं कोइमतूर. कोण वापरलंय किंवा जवळनं बघितलंय त्यांनी मनापासनं सांगा. ‘पैसे आहेत तर घे’ असं उत्तर नको, कष्टाचे आहेत.

घाटवेडा_सातारा:
दादा आधी अभिनंदन, २ पैकी कुठलीही आणली तरी आपल्या भागात ती गाडी बघून पोरं रस्त्यात थांबणार. आता आकड्यांवर येऊ कारण मी या किटचा लय अभ्यास केलाय, घेण्यासाठी नाही, नुसत्या वेडापायी.

साध्या एसमध्ये ४०० हॉर्सपॉवर मिळतात ७४०० आरपीएमला. किटवाल्या गाडीत ४३० मिळतात ७५०० ला. आणि टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ? दोन्हीत ४४० न्यूटन मीटर, तेवढाच, उलट किटवाल्यात तो थोडा वरच्या आरपीएमला येतो. म्हणजे किटनं जे काय दिलंय ते सगळं वर, ६ हजाराच्या पुढं दिलंय, खाली काहीच दिलेलं नाही. आता हिशोब करून बघा, या गाडीला दुसऱ्या गिअरला ७५०० आरपीएम म्हणजे १२० च्या आसपास स्पीड, तिसऱ्याला १६५ च्या वर. आपल्या चार पदरी हायवेला कारची मर्यादा १००. यवतेश्वरच्या घाटात तुम्ही चालवणार ४० ते ६० नं, दुसऱ्या गिअरला, म्हणजे अडीच ते पावणेचार हजार आरपीएम. तिथं साधी एस आणि किटवाली एस यात डोळे झाकून बसलेल्या माणसाला फरक सांगता येणार नाही. ० ते १०० मध्ये कंपनीचाच आकडा ०.१ सेकंदाचा फरक दाखवतोय.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही ती उंचीची. विनाटर्बो इंजिन जेवढं वर चढेल तेवढी हवा विरळ आणि तेवढी ताकद कमी, मोटामोटी दर १०० मीटरला १ टक्का धरा. सातारा ७४० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथंच ४०० चे ३७० झाले. महाबळेश्वर १३७२ मीटर, तिथं ४३० वाली गाडी पावणेचारशेच्या घरात येते. म्हणजे जी ताकद मुंबईत समुद्राकाठी साध्या गाडीला आहे तेवढी पण किटवालीला आपल्या डोंगरावर राहत नाही. तुम्ही ११ लाख जिथं उधळायला नेणार तिथलाच डोंगर ते ३० घोडे खाऊन टाकतोय. मला हे कळलं त्या दिवशी मी स्वतःच्या साध्या पोलोत बसून वेण्णा लेकपर्यंत गेलो आणि खरंच जाणवलं, पसरणीच्या पायथ्याशी गाडी जेवढी ओढत होती तेवढी वर ओढत नव्हती.

माझं मत, साधी घ्या.

मिरज_गॅरेज:
मी ९ वर्षं दुबईत जर्मन गाड्यांवर काम केलंय, आता मिरजेत स्वतःचं गॅरेज आहे. वरच्या भावाचं उंचीचं बरोबर आहे. पण किट म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर आहे असा कुणाचा समज असंल तर तो काढून टाका. एक्स५१ मध्ये सिलिंडर हेड वेगळे, इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) वेगळं, त्यात ६ फ्लॅप असतात जे आरपीएमप्रमाणं उघडझाप करतात, आणि पुढं मधोमध एक जादा रेडिएटर येतो. म्हणजे कंपनीनं इंजिन खरोखर दुसरं बांधलंय. बाहेर कुणीतरी लॅपटॉप लावून ३० घोडे वाढवले त्यातली ही गोष्ट नाही, आणि त्या कामाला मी मान देतो.

पण म्हणूनच पहिला प्रश्न हा की गाडीत किट खरंच आहे का. विटेकरभाऊ, पुढची डिकी उघडा (इंजिन मागं असल्यामुळं डिकी पुढं असते), झाकणाच्या आतल्या बाजूला एक पांढरं लेबल असतंय, त्यावर चेसिस नंबर आणि खाली बारीक अक्षरात ऑप्शनचे कोड ओळीनं छापलेले असतात. त्यात एक्स५१ दिसला पाहिजे. तसंच लेबल सर्व्हिस बुकात पण असतंय, दोन्ही जुळले पाहिजेत. झाकण रंगवलेलं किंवा बदललेलं असंल तर लेबल गायब असतंय, तो पण एक निरोपच समजा. मग चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सेंटरवर जाऊन खात्री करायची. मालक कितीही सज्जन असू दे, त्यानं पण दुसऱ्याकडनंच घेतलेली असती.

दुसरं, कंपनीच्या स्कॅनरवर ओव्हररेव्हचा रिपोर्ट काढा. इंजिन मर्यादेजवळ आणि मर्यादेबाहेर किती वेळा फिरलंय ते ६ टप्प्यांत नोंदलेलं असतंय. पीडीके असल्यामुळं चुकीचा गिअर पडून इंजिन फाटायची भीती कमी, पण वरचे टप्पे कोरे असले की झोप लागती.

तिसरं टायर. २०१३ च्या गाडीला २४ हजार किमी म्हणजे ती उभीच राहिलेली आहे. टायरच्या बाजूला ४ आकडे असतात, समजा ३५१६ असं असंल तर २०१६ सालचा ३५वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसती पण रबर दगड झालेलं असतंय. मी असं टायर नखानं दाबून बघतो, नख उमटत नसंल तर त्या गाडीला ४०० घोडे असोत का ४३०, पावसात काही उपयोग नाही. पुढं २४५/३५, मागं २९५/३०, दोन्ही २० इंची, पोर्शची एन खूण (कंपनीनं मंजूर केल्याची) असलेले ४ टायर घ्यायचे म्हटलं की मोठा खर्च आहे, तो आधी धरा.

चौथं, पाण्याचा पंप आणि कूलंटचं लीक बघा. आणि रेडिएटर. हे आपल्या भागासाठी खास सांगतोय. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूच्या तोंडातनं हवा आत जाती आणि तिथंच रेडिएटर असतात, तिथं पालापाचोळा साठतोय. आपल्याकडं गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागनं नुसतं कराड ते विटा आलं तरी पाचट आत जातंय. किटवाल्यात मधला तिसरा रेडिएटर, म्हणजे साफ करायचं एक ठिकाण जादा. दर हंगामानंतर बंपर काढून साफ करायची तयारी ठेवा.

सहा_सिलिंडर_पुणे:
मी विरुद्ध बाजूनं बोलतो कारण माझ्याकडं ९९१ जीटीएस आहे, २०१५ ची, तिच्यात हेच ४३० वालं इंजिन स्टँडर्ड येतं.

घाटवेडा यांचा हिशोब एकदम बरोबर आहे, एक पण आकडा खोडता येणार नाही. पण आकडे सगळं सांगत नाहीत हो. ६ हजाराला जे साधं एस इंजिन ‘आता बास’ म्हणल्यासारखं वाटतं तिथं हे इंजिन परत एकदा श्वास घेतं. पाठीमागचा आवाज आधी घोगरा असतो आणि ६५०० नंतर तो पातळ, धारदार होतो, हाताच्या केसांवर काटा येतो. मी हे रोज अनुभवत नाही. महिन्यातनं ४ वेळा, पहाटे ५ ला, रिकाम्या हायवेवर सेकंड गिअरमध्ये एकदा. पण त्या ४ वेळांसाठीच मी गाडी ठेवलीये. आणि हे इंजिन परत येणार नाही, २०१५ च्या फेसलिफ्टला, म्हणजे याच ९९१ च्या सुधारित मॉडेलला, करेरामध्ये ३ लिटर ट्विन टर्बो आलं, त्यानंतर विनाटर्बो राहिलं ते जीटी३ सारख्या मोजक्या गाड्यांत. म्हणून हे किटवालं इंजिन जपून ठेवण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

फक्त एक अट आहे, पेट्रोल. ९८ ऑक्टेन द्या असं कंपनीचं पुस्तक सांगतं. कमी ऑक्टेनचं दिलं की इंजिनातली ठोकठोक ओळखणारा नॉक सेन्सर इग्निशन मागं घेतो आणि पहिली कात्री वरच्या ताकदीलाच लागते. पुण्यात एक्सपी १०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) मिळतं, २०२० च्या शेवटी ज्या १० शहरांत ते आधी आलं त्यात पुणे होतं. विट्यात तुम्ही काय भरणार? ज्या माणसाला जवळ चांगलं पेट्रोल नाही त्यानं ११ लाख किटला दिले तर मला वाईट वाटेल, कारण पैसे दिलेली गोष्ट त्याला मिळणारच नाही.

विटेकर_गलाई:
सगळ्यांचे आभार, एवढं मनापासनं कुणी लिहिल असं वाटलं नव्हतं. सहा_सिलिंडर साहेब, तुमचं ते आवाजाचं वाचून रात्री १ पर्यंत झोप नाही. पेट्रोलचं म्हणाल तर विट्यात प्रीमियम मिळतंय पण १०० वालं नाही, पुण्याला जाताना भरून आणता येईल पण टाकी ६४ लिटरची, ती पुरणार किती. मिरज_गॅरेज भाऊ, तुमचा शब्द न शब्द लिहून घेतलाय. गाडी बघायला जाताना तुम्हाला बेंगळुरूला नेलं तर चालेल का? येण्याजाण्याचा आणि दिवसाचा खर्च माझा.

कृष्णाकाठ:
मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे, सांगलीत. दोन गोष्टी तुमच्या हिशोबात आलेल्याच नाहीत.

पहिली, बेंगळुरूची गाडी केए पासिंग आहे. ती कायमची विट्यात ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, मग सांगलीला एमएच-१० वर पुन्हा नोंदणी, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तो जुन्या गाडीला वयाप्रमाणं कमी होतो, पण गाडीची मूळ किंमत बघता कमी झालेला आकडा पण मोठाच असतो. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, तो हातात पडेपर्यंत किती हेलपाटे होतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. मुंबईच्या गाडीला एमएच पासिंग आहे, नुसती नावावर करायची. म्हणजे फरक ११ लाखाचा राहिलेलाच नाही, एजंटकडनं लेखी हिशोब घ्या, मग बोलू.

दुसरी, किट कंपनीतनं आलेली असेल तर ती गाडीचा मूळ भाग आहे, काळजी नाही. पण कुणी नंतर बाहेर बसवली असेल तर गोष्ट बदलते. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण स्पष्ट सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत आरसीच्या विरुद्ध बदल करता येत नाही. मागं पेठ नाक्याजवळच्या अपघातातली एक सेडान माझ्याकडं आलेली, गाडीचं सॉफ्टवेअर बाहेरनं वाढवलेलं, टर्बोची पाइप बदललेली, आणि विमा घेताना त्यातलं काहीच कळवलेलं नव्हतं. मालक तरुण पोरगा, हातात फाइल घेऊन माझ्यापुढं उभा. जे दिसलं ते रिपोर्टमध्ये लिहिणं माझं काम होतं, मी लिहिलं, त्याचा क्लेम अडकला. तो चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, लेबलवर एक्स५१ नसेल आणि गाडीत बदल दिसत असेल तर मालकानं फुकट दिली तरी घेऊ नका.

पाचगणीकरीण:
दादा मी पाचगणीलाच राहते, आमच्याकडे शनिवार-रविवारी या गाड्या येतात त्या रोज बघते. ताकद कमी पडली म्हणून अडकलेली एक पण बघितली नाही. अडकतात त्या स्पीडब्रेकरवर. पसरणी संपल्यावर गावांतनं जे ब्रेकर आहेत ते मापात कुणी बनवलेलेच नाहीत, लोकांनी स्वतः सिमेंट ओतलेलं असतं, आणि अशा गाडीची पुढची ओठी (बंपरची खालची कड) त्याला घासताना जो आवाज येतो तो मला आवडत नाही, माझी गाडी नसून पण पोटात कालवतं. गेल्या मे महिन्यात एका गृहस्थांच्या गाडीचं पुढचं बंपर आमच्या गेटसमोर निम्मं खाली आलं होतं, सोबत लहान मूल, मागं बसची रांग.

फेसलिफ्ट ९९१ मध्ये पुढचा भाग बटनावर ४० मिमी उचलणारी सिस्टिम ऑप्शनला आली. पहिल्या मॉडेलच्या करेराला ती नाही. मी तुमच्या जागी असते तर ११ लाख वर घालून ती लिफ्ट असलेली नंतरची गाडी शोधली असती. आणि कासला फुलांच्या दिवसांत आणूच नका, ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथं गाडीला जागा नसते आणि साइडपट्टीवर उतरायची वेळ आली तर चिखलात बसेल.

घाटवेडा_सातारा:
ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. आणि फेसलिफ्टच्या एसचे आकडे बघा, ४२० हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन मीटर, ते पण १७०० आरपीएमपासनं! टर्बो असल्यामुळं महाबळेश्वरला पण दम कमी पडत नाही. घाटात दुसऱ्या गिअरला ३ हजारावर जी ओढ पाहिजे ती तिथं आहे, कसल्या किटशिवाय. विटेकरदादा, ताकदच पाहिजे असंल तर उत्तर हे आहे, आणि आवाज पाहिजे असंल तर साधी ३.८ पण तोच आवाज देती, सहा_सिलिंडर साहेबांच्या गाडीपेक्षा थोडा कमी धारदार, एवढंच.

सहा_सिलिंडर_पुणे:
‘एवढंच’ हा शब्द सोडून बाकी मान्य. फेसलिफ्ट चांगली आहे, मी चालवलीये, पण ज्या माणसानं करीच्या कुंपणाला डोकं लावून आवाज ऐकलाय त्याला टर्बो देऊ नका. विटेकर, साधी ३.८ घ्या, मी माझं मत बदलतोय, ते आरटीओचं आणि पेट्रोलचं वाचून. वाचलेल्या पैशातनं कोइमतूरला जाल तेव्हा करीवर ट्रॅक डे असेल तर नाव घाला. २ किमीच्या आसपासचा छोटा ट्रॅक आहे, तिथं ब्रेक आणि टायर बोलतात, ३० घोडे बोलत नाहीत. एसला पुढं ६ पिस्टनचे ब्रेक कॅलिपर आहेत, एका दिवसात कळेल की गाडी तुमच्यापेक्षा किती पुढं आहे.

विटेकर_गलाई:
मंडळी, ३ आठवड्यांनी लिहितोय. मिरज_गॅरेज भाऊंना घेऊन बेंगळुरूला गेलो होतो. झाकणाखाली लेबल आहे, एक्स५१ छापलेला आहे, सर्व्हिस बुकात पण आहे, मालक खरं बोलत होता, अतिशय सभ्य माणूस, डॉक्टर आहे. तासभर चालवायला दिली. शहराबाहेर पडून रिकामा पट्टा मिळाल्यावर एकदा वरपर्यंत नेली आणि सहा_सिलिंडर साहेब, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे, काटा आला, गाडी बाजूला घेऊन २ मिनिटं नुसता बसलो. पण त्या एका तासात ६ हजाराच्या वर सुई गेली ती ३ वेळा, आणि तिसऱ्या वेळी समोर ट्रॅक्टर आला. टायर २०१५ चे निघाले. भाऊंनी नख दाबलं आणि माझ्याकडं बघितलं, बोलले काहीच नाहीत.

परत येताना कोल्हापूरपर्यंत आम्ही हिशोब करत होतो. ११ लाख फरक, वर टॅक्स, वर ४ टायर. डॉक्टरांना मी फोन करून स्वच्छ सांगितलं की गाडी चांगली आहे, मला पेलत नाही, आणि त्यांनी पण वाईट वाटून घेतलं नाही.

मग मुंबईची बघितली. ३१ हजार किमी, सगळी सर्व्हिस एकाच सेंटरला, बिलं फाइलमध्ये तारखेप्रमाणं लावलेली, टायर २ वर्षांपूर्वीचे, ओव्हररेव्हचे वरचे टप्पे कोरे. पाण्याचा पंप बदललेला, त्याचं बिल आहे. टोकन तिथंच दिलं. परवा रात्री १० ला निघून पहाटे खंबाटकी उतरलो, सातारा-कराडमध्ये कामामुळं सर्व्हिस रोडवर धूळच धूळ, तिथं २० च्या स्पीडनं आलो, विट्यात शिरताना ६ वाजलेले. वडील कोइमतूरहून मुद्दाम आले होते, दारात उभे. त्यांनी बोनेटवर हळदकुंकू लावायला घेतलं तर म्हणाले इंजिन हिकडं नाही की, आणि मागं जाऊन तिथं पण लावलं. मग मला म्हणाले चल, आणि आम्ही दोघंच भिवघाटापर्यंत जाऊन आलो. येताना रस्ता मोकळा होता, दुसऱ्या गिअरला एकदा वरपर्यंत गेली, त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं आणि म्हणाले परत एकदा.

पाचगणीकरीण ताई, ओठीच्या खाली लावायची रबराची पट्टी मागवलीये आणि ब्रेकर तिरका घ्यायचा सराव चालूय. एक मदत पाहिजे. मिरज_गॅरेज भाऊंकडं व्हील अलाइनमेंटचं मशीन नाही. सांगली, कोल्हापूर किंवा कराडमध्ये असा अलाइनमेंटवाला कोण आहे का ज्याच्या रॅम्पवर एवढी खाली असलेली गाडी पुढं न घासता चढेल? गाडी किंचित डावीकडं ओढतीये.

मिरज_गॅरेज:
दुबईहून येताना माझ्याबरोबरच आलेला एक मित्र इचलकरंजीत आहे, त्याच्याकडं जमिनीच्या लेव्हलचा पिट आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन या, मी सोबत येतो. येण्याआधी चारी टायरची हवा थंड असताना बघून आकडे मला पाठवा.